बाणाचे वजन आणि धनुष्याची सुरक्षितता

विटीदांडू खेळताना दांडू जोराने फिरवावा आणि नेमका नेम चुकावा, म्हणजे काय होते हे प्रत्येकास ठाऊक आहे. विटी जागच्या जागी राहते, दांडू हवेतून गरकन फिरतो आणि खांद्याला असा हिसका बसतो की क्षणभर हात बधिर होतो. दांडू विटीला लागला असता तर हाच जोर विटीबरोबर निघून गेला असता. तो कोठे तरी जाणे प्राप्तच होते. विटीने नेला नाही, म्हणून तो खांद्याला सोसावा लागला.

धनुष्याची स्थिती याहून निराळी नाही. ताणलेल्या धनुष्यात जी ऊर्जा साठलेली असते ती दोरी सुटताच बाहेर पडते. बाण तिचा मोठा भाग घेऊन जातो. जो भाग बाण नेत नाही तो धनुष्यालाच सोसावा लागतो. बाण किती ऊर्जा नेईल हे पुष्कळ अंशी बाणाच्या वजनावर अवलंबून असते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली, म्हणजे शिकारीच्या धनुष्यासाठी बाण निवडताना त्याचे वजन प्रथम का पाहावे लागते हे सहज उमगेल.

आडवे धनुष्य

येथे ज्या धनुष्याचा विचार करावयाचा आहे ते क्रॉसबो, म्हणजे आडवे धरावयाचे धनुष्य होय. बंदुकीच्या दस्त्यासारख्या दांड्याच्या पुढील टोकाशी धनुष्य आडवे बसविलेले असते. दोरी मागे ओढून एका खटक्यात अडकविली की ती ताणलेल्या स्थितीत तशीच राहते. मग दांड्यावरील पन्हळीत बाण ठेवावयाचा, नेम धरावयाचा आणि चाप ओढावयाचा. साध्या धनुष्यात ताणलेली दोरी धनुर्धराला आपल्या बोटांनी रोखून धरावी लागते. येथे ते काम खटका करतो. त्यामुळे मनुष्याच्या दंडातील बळाची मर्यादा धनुष्याला उरत नाही, आणि ते वाटेल तितके ताठ करता येते. ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या शतकांत ब्राँझचे सुबक खटके ओतले जात. १९७४ साली शीआन शहराजवळ सम्राट छिन श-ह्वांग याचे जे मातीचे सैन्य उजेडात आले, त्याच्या खड्ड्यांतही असे खटके सापडले आहेत.

युद्धातून हे हत्यार केव्हाच गेले, पण काही देशांत शिकारीत टिकून राहिले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक राज्यांत आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ठरावीक हंगामात, परवाना घेऊन, पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार क्रॉसबोने करता येते. याच्या उलट, ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने धनुष्य व क्रॉसबो यांनी वन्य प्राणी मारण्यास मनाई केली आहे. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने वन्य प्राण्यांची शिकारच बंद झाली. तेव्हा पुढील विवेचनात शिकारीची जी उदाहरणे येतील ती उत्तर अमेरिकेतील आहेत. त्यामागील गतिशास्त्र मात्र कोणत्याही शाळेतील विद्यार्थ्याला टेबलाजवळ बसून पडताळता येईल असे आहे.

एक पट्टी आणि एक खोडरबर

त्यासाठी एक पोलादी पट्टी घ्यावी. तिचा अर्धा भाग टेबलावर घट्ट दाबून धरावा व अर्धा कडेबाहेर मोकळा ठेवावा. मोकळे टोक बोटाने खाली वाकवून सोडले की पट्टी थरथरत राहते आणि तिचा आवाज बराच वेळ ऐकू येतो. आता त्याच टोकावर एक लहानसे खोडरबर ठेवून पट्टी तितकीच वाकवावी व सोडावी. खोडरबर उडून जाते. पट्टी या खेपेसही थरथरते, पण पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी. खोडरबराऐवजी कागदाचा कपटा ठेवून पाहिल्यास कपटा उडेल खरा, परंतु पट्टीची थरथर जवळजवळ पहिल्याइतकीच राहील. (प्रयोग करताना पट्टीवर तोंड वाकवू नये, आणि समोर कोणी बसलेले नसावे.)

तिन्ही वेळा पट्टी सारखीच वाकविली होती, म्हणजे तिच्यात साठलेली ऊर्जा सारखीच होती. फरक पडला तो ती वाटून घेणाऱ्यांत. जड खोडरबराने मोठा वाटा नेला, कपट्याने नाममात्र नेला, आणि काहीच ठेवले नव्हते तेव्हा सगळी ऊर्जा पट्टीतच राहिली.

हा वाटा मोजण्याची एक सोपी रीत आहे. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाला धनुर्विद्येचा छंद होता. क्लॅरेन्स हिकमन आणि फॉरेस्ट नॅग्लर या दोघांसह त्याने धनुष्यबाणाच्या तांत्रिक अंगावर जे लेखन केले ते १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. क्लॉपस्टेगने असे दाखविले की, बाण दोरीपासून सुटण्याच्या क्षणी धनुष्याच्या भुजा आणि दोरी यांतही गती असते. त्या गतीत अडकलेली ऊर्जा मोजून पाहिली, तर जणू काही बाणाच्याच वेगाने जाणारे एक ठरावीक जादा वस्तुमान बाणाला चिकटलेले आहे, असे मानून हिशेब करता येतो. या कल्पित वस्तुमानाला आपण धनुष्याचे आभासी वस्तुमान म्हणू. बाण हलका असो वा जड असो, एकाच धनुष्याच्या बाबतीत ते जवळजवळ कायम राहते, हीच त्यातील सोय आहे.

आता नियम असा होतो: बाणाच्या वस्तुमानाला बाण व आभासी वस्तुमान यांच्या बेरजेने भागावे, जो अपूर्णांक येईल तितका भाग बाणाला मिळतो आणि बाकीचा धनुष्यात राहतो.

आकड्यांचा हिशेब

एक कल्पित, पण आजच्या शिकारी क्रॉसबोच्या जवळपास जाणारे उदाहरण घेऊ. समजा, ताणलेल्या धनुष्यात १८० ज्यूल ऊर्जा आहे व त्याचे आभासी वस्तुमान ६ ग्रॅम आहे. निरनिराळ्या वजनांच्या बाणांसाठी हिशेब केला तर पुढील आकडे मिळतात.

४० ग्रॅमचा बाण: वेग सेकंदाला ८८ मीटर, बाणाची ऊर्जा १५७ ज्यूल, धनुष्यात उरलेली २३ ज्यूल.
३२ ग्रॅमचा बाण: वेग ९७ मीटर, बाणाची ऊर्जा १५२ ज्यूल, उरलेली २८ ज्यूल.
२६ ग्रॅमचा बाण: वेग १०६ मीटर, बाणाची ऊर्जा १४६ ज्यूल, उरलेली ३४ ज्यूल.
२० ग्रॅमचा बाण: वेग ११८ मीटर; बाणाची ऊर्जा १३८ ज्यूल; उरलेली ४२ ज्यूल.
१० ग्रॅमचा बाण: वेग १५० मीटर, बाणाची ऊर्जा ११२ ज्यूल, उरलेली ६८ ज्यूल.
बाण नाही: उरलेली ऊर्जा सर्वच्या सर्व, म्हणजे १८० ज्यूल.

हे आकडे सावकाश वाचावेत. ४० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आलो, म्हणजे बाणाचे वजन निम्मे केले, तरी बाणाच्या ऊर्जेत फारशी घट होत नाही. १५७ चे १३८ होतात. बाणाकडे पाहणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटतो. वेग मात्र वाढलेला दिसतो, आणि वेग कोणाला आवडत नाही? परंतु दृष्टी बाणावरून काढून धनुष्याकडे वळविली, तर चित्र पालटते. धनुष्यात उरणारी ऊर्जा २३ वरून ४२ ज्यूलवर गेली आहे. जवळजवळ दुप्पट झाली आहे. जी गोष्ट बाणाच्या बाजूने क्षुल्लक दिसते तीच धनुष्याच्या बाजूने फार मोठी असते. आणि हा घाव एकदा नव्हे, तर प्रत्येक बाणागणिक बसावयाचा असतो.

शेवटची ओळ तर विशेषच महत्त्वाची आहे. चुकून बाण न ठेवता दोरी सोडली, तर २६ ग्रॅमच्या बाणाच्या वेळी जेवढी ऊर्जा धनुष्याला पचवावी लागते तिच्या पाचपटीहून अधिक ऊर्जा एका क्षणात त्याच्यावर आदळते. अशा वेळी दोरी तुटते, भुजांना उभ्या चिरा जातात, चाके त्यांच्या आसांवरून निखळतात. क्वचित भुजेचा तुकडा उडून धनुर्धराच्या हाताला वा तोंडाला लागतो. म्हणून आजच्या बहुतेक क्रॉसबोंत असा एक अडसर बसविलेला असतो की, पन्हळीत बाण नसेल तर चाप ओढूनही दोरी सुटत नाही. पण हा अडसर बाण आहे की नाही एवढेच ओळखतो. बाण पुरेसा जड आहे की नाही हे तो ओळखू शकत नाही. फार हलका बाण म्हणजे निम्म्या वाटेवर गेलेली रिकामी सोडच होय, आणि तिच्याविरुद्ध यंत्रात कसलीही तजवीज नसते.

जुन्या पोलादी धनुष्याची साक्ष

आभासी वस्तुमान किती मोठे असू शकते याचे एक ऐतिहासिक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. सर राल्फ पेन-गॉल्वे या इंग्रज गृहस्थाने १९०३ साली क्रॉसबोवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या संग्रही पंधराव्या शतकातील एक पोलादी क्रॉसबो होता. तो ताणण्यास सुमारे १,२०० पौंडांचा जोर लागे, आणि दोरी मागे येई ती केवळ सुमारे ७ इंच. वेल्सच्या किनाऱ्यावरील मेनाय सामुद्रधुनीच्या पलीकडे या धनुष्याने त्याने सुमारे ३ औंसांचे, म्हणजे ८५ ग्रॅमचे बाण ४४० ते ४५० यार्डांपर्यंत फेकले.

हिशेब करून पाहू. १,२०० पौंडांचा जोर शून्यापासून सरळ वाढत गेला असे धरले, तर ७ इंचांत साठलेली ऊर्जा सुमारे ४७५ ज्यूल होते. उलटपक्षी, ४१० मीटरांवर जाऊन पडण्यासाठी हवा नसती तरी बाणाला सेकंदाला ६३ मीटर वेग हवा, आणि ८५ ग्रॅमच्या बाणाची त्या वेगाची ऊर्जा होते सुमारे १७० ज्यूल. हवेच्या विरोधासाठी आणखी काही भर घातली, तरी साठलेल्या ऊर्जेपैकी निम्मीदेखील बाणाला मिळालेली नाही असे दिसते. उरलेली त्या जाडजूड पोलादी पट्टीला आणि सुतळीच्या जाड दोरीला हलविण्यातच खर्ची पडली. म्हणजेच या धनुष्याचे आभासी वस्तुमान बाणाच्या वजनाहूनही अधिक होते. त्या काळचे कारागीर आखूड, जाड आणि जड बाण का करीत, याचे उत्तर या हिशेबात आहे. सूत्र त्यांच्याजवळ नव्हते, पण हलका बाण लांब जात नाही आणि धनुष्य मात्र खिळखिळे करतो, हे अनुभवाने कळण्यास सूत्राची गरज नसते.

आजच्या क्रॉसबोच्या भुजा काचतंतूंच्या, वजनाने हलक्या असतात. शिवाय हॉलिस विल्बर ॲलन या मिसूरी राज्यातील गृहस्थाने धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाके बसविण्याची जी कल्पना काढली व जिचे पेटंट त्याला १९६९ साली मिळाले, तीही आता क्रॉसबोत सर्रास आली आहे. या चाकांमुळे तेवढ्याच ताणात अधिक ऊर्जा साठते. भुजा हलक्या झाल्या हे चांगलेच झाले, कारण ऊर्जेचा मोठा वाटा बाणाला मिळू लागला. पण त्याबरोबर सहनशीलताही कमी झाली. पोलादी पट्टी कधी फुकट सुटली तरी निभावून नेई. काचतंतूंची भुजा तितका उदारपणा दाखवीत नाही.

कारखानदाराचा आकडा आणि कायद्याचा आकडा

अमेरिकेत बाणाचे वजन ग्रेनमध्ये सांगण्याची चाल आहे. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा एक दाणा. आपल्याकडील सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून तो किंचित अधिक भरतो. ७,००० ग्रेनांचा एक पौंड होतो, आणि एक ग्रॅम म्हणजे साडेपंधरा ग्रेनांहून थोडे कमी. प्रत्येक क्रॉसबोबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत, आणि पुष्कळदा खुद्द दांड्यावरही, त्या धनुष्यासाठी किमान किती ग्रेनांचा बाण वापरावा हे छापलेले असते. पुष्कळ धनुष्यांसाठी हा आकडा ४०० ग्रेनांच्या, म्हणजे २६ ग्रॅमच्या आसपास असतो. काहींसाठी तो कमी, काहींसाठी बराच अधिक असतो. वर्षानुवर्षे, हजारो बाण सोडले तरी भुजा, दोरी व चाके टिकावीत अशा बेताने कारखानदार हा आकडा ठरवितो. त्याच्याखाली जाणारा मनुष्य त्याच दिवशी धनुष्य मोडील असे नाही. पहिल्या पन्नास बाणांत कदाचित काहीच दिसणार नाही, आणि त्यातूनच चुकीचा विश्वास उत्पन्न होतो.

या आकड्याची गल्लत दुसऱ्या दोन आकड्यांशी होते. त्यांपैकी पहिला कायद्याचा. अमेरिकेतील काही राज्यांत मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी पात्यासह बाणाचे वजन किमान ३०० ग्रेन असले पाहिजे असा नियम आहे. हा नियम जनावराच्या दृष्टीने केलेला आहे. अतिशय हलक्या बाणाने ते जखमी होऊन पळून जाऊ नये, हा त्याचा हेतू. तुमचे धनुष्य ३०० ग्रेनांचा बाण सोसू शकेल की नाही याची हमी तो नियम देत नाही, आणि देऊही शकत नाही. कायद्याला पुरेसा असलेला बाण धनुष्याला अपुरा असू शकतो. दोन्ही अटी एकाच वेळी पाळावयाच्या, म्हणजे दोहोंपैकी मोठा आकडा धरावयाचा.

दुसरी गल्लत हाताने ताणावयाच्या धनुष्याच्या नियमाशी होते. त्या धनुष्यासाठी ताणाच्या प्रत्येक पौंडामागे ५ ग्रेन असा एक ठोकताळा प्रचलित आहे. तोच क्रॉसबोला लावला तर १७५ पौंड ताणाच्या धनुष्याला ८७५ ग्रेनांचा बाण लागेल, आणि प्रत्यक्षात तर अशा धनुष्याला ४०० ग्रेन पुरतात. कारण उघड आहे. ऊर्जा ही केवळ ताणावर अवलंबून नसून, दोरी किती अंतरापर्यंत बाणाला ढकलते यावरही अवलंबून असते. आणि क्रॉसबोत हे अंतर हाताच्या धनुष्यापेक्षा बरेच कमी, बहुधा १२ ते १५ इंचांचे असते. एका यंत्राचा ठोकताळा दुसऱ्या यंत्राला लावण्याचा मोह आवरला पाहिजे.

वेगाचा आकडा मोठा दिसावा हा मोह कारखानदाराला आहे तसाच गिऱ्हाइकालाही आहे. जाहिरातीतला वेग बहुधा परवानगी असलेल्या सर्वांत हलक्या बाणाने मोजलेला असतो. गिऱ्हाईक तो वाचतो, आणि त्याहूनही हलका बाण लावला तर आणखी वेग मिळेल असा तर्क करतो. तर्क बरोबर आहे. वरील आकडेवारीत तो वेग दिसतोच, आणि त्याची किंमतही शेवटच्या रकान्यात दिसते.

पूर्ण बाण तोलावा

बाण तोलावयाचा तो पूर्ण तयार झालेला. ही गोष्ट बोलण्यात सोपी असली तरी येथेच अनेकजण फसतात. बाणाची कांडी, तिच्या पुढील तोंडात बसविलेली धातूची नळी, पाते, मागची तीन पिसे (आता ती प्लास्टिकची असतात) आणि दोरीशी टेकणारी मागची खाच, एवढे सगळे मिळून बाण होतो. दुकानात कांडीचे वजन दर इंचाला इतके ग्रेन असे सांगतात, आणि पात्याचे निराळे सांगतात.

समजा, कांडी २० इंचांची व दर इंचाला ९ ग्रेनांची आहे: १८० ग्रेन झाले. ॲल्युमिनियमची नळी १५, मागची खाच १५, तीन पिसे मिळून २४, आणि पाते १००. बेरीज ३३४ ग्रेन. ज्या धनुष्याला किमान ४०० ग्रेन हवेत त्यावर हा बाण चढविणे धोक्याचे आहे, आणि तरीही यातील एकही भाग असा नाही की जो दुकानदाराने क्रॉसबोसाठी म्हणून विकलेला नसेल. आता ॲल्युमिनियमची नळी काढून ७० ग्रेनांची पितळी नळी घातली तर बेरीज ३८९ होते. अजूनही पुरत नाही. त्यात १०० ऐवजी १२५ ग्रेनांचे पाते बसविले म्हणजे ४१४ होते, आणि बाण वापरण्याजोगा होतो.

वजन पुढच्या अंगाला वाढविण्याचा आणखी एक फायदा आहे. बाणाचा तोल मध्याच्या पुढे असला म्हणजे तो हवेत सरळ राहतो. ५० सेंटीमीटर लांबीचा बाण बोटावर तोलून पाहिला आणि तो मागच्या टोकापासून साडेबत्तीस सेंटीमीटरांवर समतोल राहिला, तर तोल मध्यापासून साडेसात सेंटीमीटर, म्हणजे लांबीच्या १५ टक्के पुढे आहे असे म्हणावयाचे. शिकारीच्या बाणासाठी हे प्रमाण योग्य समजतात. परंतु पुढे फार भार घातला, तर धक्क्यासरशी कांडी अधिक वाकते. तेव्हा भार वाढवावयाचा तर कांडीही तितकी ताठ घ्यावी लागते.

बेरीज कागदावर केली तरी शेवटी काटा हवाच. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा घेऊन संचातील प्रत्येक बाण निराळा तोलावा. एकाच पेटीतील बाणांत काही ग्रेनांचा फरक आढळतो. सरासरी ४०० असून भागत नाही. सर्वांत हलका बाणदेखील आकड्याच्या वर असला पाहिजे.

हरणाच्या बाजूने

आतापर्यंत धनुष्याचा विचार झाला. शिकारीत दुसराही एक पक्ष आहे, आणि त्याला बोलता येत नाही. बाण हा बंदुकीच्या गोळीप्रमाणे आघाताने मारीत नाही. त्याचे पाते कापते आणि रक्तस्राव घडविते. म्हणून तो छातीच्या पोकळीत, फुप्फुसांत व हृदयात खोल शिरला तरच जनावर लवकर मरते. अन्यथा ते रानात पळून जाते, आणि तासन्‌तास वा दिवसेंदिवस यातना भोगते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या बाजूने पाहिले तर ही जागा सुमारे २० ते २५ सेंटीमीटर व्यासाची असते.

हलका बाण जलद जातो, म्हणून नेम अधिक अचूक पडतो, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य किती हे मोजता येते. समजा, ३० मीटरांसाठी नेम जुळवून ठेवला आहे आणि हरीण प्रत्यक्षात ३५ मीटरांवर आहे. अंतराच्या या चुकीमुळे २० ग्रॅमचा बाण सुमारे ६ सेंटीमीटर खाली लागेल, २६ ग्रॅमचा ८, ३२ ग्रॅमचा ९, आणि ४० ग्रॅमचा ११. म्हणजे बाण धोक्याच्या मर्यादेखाली नेऊन जे साधले ते अवघे दोन सेंटीमीटर. झाडाखाली बसल्यावर जवळच्या चार खुणांची अंतरे आधीच मोजून ठेवली तर त्याहून कितीतरी अधिक साधते. अतिजड बाणाच्या बाजूनेही हे आकडे काही सांगतात. ४० ग्रॅमचा बाण धनुष्याला सुखाचा खरा, पण अंतराचा अंदाज चुकणाऱ्या माणसाच्या हाती तो हरणाला सुखाचा नाही.

दुसरा युक्तिवाद आवाजाचा. दोरीचा आवाज ऐकून हरीण दचकते आणि उडी घेण्यापूर्वी अंग खाली दबते. बाण वरून निघून जातो किंवा भलत्या जागी लागतो. ध्वनी ३० मीटर अंतर सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या भागात तोडतो. २६ ग्रॅमच्या बाणाला ०.२८ सेकंद लागतात आणि २० ग्रॅमच्या बाणाला ०.२५. कोणत्याही बाणाला ध्वनीच्या पुढे जाता येत नाही; वाचले ते सेकंदाचे केवळ तीन शतांश. उलट, धनुष्यात उरलेली ऊर्जा थरथर होऊन ज्या आवाजाच्या रूपाने बाहेर पडते तो आवाज हलक्या बाणाने वाढतो. हरणाला दचकविणारी गोष्ट मोठी करावयाची आणि मग तिच्यापुढे धावण्याची धडपड करावयाची, असा हा प्रकार आहे.

खोल शिरण्याच्या दृष्टीने संवेगही पाहावा लागतो. वस्तुमान आणि वेग यांचा हा गुणाकार २० ग्रॅमच्या बाणाचा २.३५, २६ ग्रॅमचा २.७६, व ३२ ग्रॅमचा ३.११ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद इतका येतो. शिवाय आकार तोच असता जड बाणाचा वेग हवेत कमी खुंटतो. किमान वजनाच्या अगदी काठावर न राहता त्याहून थोडा जड, साधारण ४२० ते ५०० ग्रेनांचा बाण अनुभवी शिकारी पसंत करतात, याचे कारण हेच. मात्र वजन बदलले की दुर्बिणीतील खुणा जुन्या वेगासाठी आखलेल्या असल्याने निरुपयोगी होतात. नेम पुन्हा २० मीटरांपासून जुळवावा लागतो.

वजनापलीकडे दोन गोष्टी

वजन बरोबर असूनही धनुष्य रिकामे सुटल्याप्रमाणे वागू शकते. मागची खाच सपाट असते, अर्धचंद्राकृती असते किंवा दोरीला कवटाळणारी असते. कारखानदाराने जी सांगितली असेल तीच बसवावी, कारण चुकीच्या खाचेवरून दोरी घसरून बाणाच्या वरून वा खालून निघून जाऊ शकते. बाण पन्हळीतच राहतो व ऊर्जा भुजांवर आदळते. बाण ठेवल्यावर तो खटक्यापर्यंत मागे सरकून दोरीला टेकला आहे की नाही हे याच कारणासाठी पाहावयाचे असते.

आणि कांडी तपासावी. कार्बन-तंतूंच्या कांडीला गेलेली बारीक चीर डोळ्यांना सहसा दिसत नाही. प्रत्येक वेळी सोडण्यापूर्वी बाण दोन्ही हातांत धरून थोडा वाकवावा, फिरवून पुन्हा वाकवावा, आणि कानाशी नेऊन तडकल्यासारखा आवाज येतो का ऐकावे. हाडावर, दगडावर किंवा दुसऱ्या बाणावर आदळलेला बाण काट्यावर पूर्ण वजनाचा भरला तरी विश्वासाचा नसतो; सोडण्याच्या धक्क्याने तो फुटला तर त्याच्या सळ्या पुढच्या हातात घुसतात. अशा बाणाचे पाते, पितळी नळी आणि खाच काढून घेतात, आणि पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून कांडी गुडघ्यावर न मोडता जाड कापडात गुंडाळून करवतीने कापून टाकतात.